न उडालेला फ्यूज

गेल्या अंकात प्रेशर कुकरच्या शिट्टीविषयी लिहिताना, घरातील एखाद्या वस्तूसंबंधी शंका असेल तर कळवावी, असे वाचकांना सुचविले होते. त्यानुसार आलेल्या पत्रांपैकी एका भगिनीचे पत्र आज समोर घेतो. पत्र आमच्या ग्वाल्हेरचेच, लष्करातले आहे. आपल्याकडची थंडी कशी असते हे येथील वाचकांना सांगावयास नको. पौषातल्या रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरतो आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती ती थंडी दिवसभर साठवून ठेवतात. या बाईंच्या घरी सासूबाईंच्या खोलीत विजेचा हीटर आहे. त्यावर २३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिलेले आहे. दुपारी तो चांगला तापतो, पण संध्याकाळी सात वाजल्यानंतर त्याची ऊब कमी होते. वायरमन म्हणतो, हीटरची तार झिजली, नवी घाला. यजमान म्हणतात, तारेला काही झालेले नाही, विजेचाच दाब उतरतो. "दोघांपैकी खरे कोणाचे, हे घरच्या घरी कसे ठरवावे?" असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याचे उत्तर मताने नव्हे तर गणिताने देता येते, आणि ते गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही.

विजेच्या व्यवहारात तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. दुसरी प्रवाह, तो अँपिअरमध्ये मोजतात. तिसरी रोध, म्हणजे प्रवाहाला वाटेत होणारी अडवणूक. तिचे माप ओहम. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची उपमा येथे उपयोगी पडते. टाकी जितकी उंच, तितका दाब अधिक. नळातून मिनिटाला किती पाणी पडते तो प्रवाह. आणि नळ अरुंद किंवा गंजलेला असेल तर तो रोध. दाब तोच ठेवून नळ अरुंद केला तर पाणी कमी येणार, हे कोणीही सांगेल. विजेचेही तसेच आहे. म्हणून पहिला नियम असा :

रोध = दाब ÷ प्रवाह

आणि वीज दर क्षणाला किती काम करते, म्हणजे तिची शक्ती किती, हे सांगणारा दुसरा नियम असा :

शक्ती = दाब × प्रवाह

शक्तीचे माप वॅट. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की मीटरवर एक युनिट चढते. या दोन ओळी ज्याला पाठ आहेत त्याला चारांपैकी कोणत्याही दोन गोष्टी ठाऊक असल्या की उरलेल्या दोन काढता येतात. हीटर, इस्त्री, गीझर अशा केवळ तापणाऱ्या वस्तूंना हे नियम जसेच्या तसे लागू पडतात. पंखा, मिक्सर यांसारख्या मोटार असलेल्या वस्तूंत शक्ती या गुणाकाराहून थोडी कमी भरते. तो विषय पुढे कधीतरी घेऊ.

आता बाईंच्या हीटरकडे वळू. २००० वॅटला २३० व्होल्टने भागले की ८.७ येतात. म्हणजे हा हीटर ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. २३० ला ८.७ ने भागले की सुमारे साडेसव्वीस ओहम येतात. हा त्या तारेचा रोध. हीटर एकदा लाल झाला की हा आकडा फारसा हलत नाही. आता समजा, संध्याकाळी दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला. रोध तोच असल्यामुळे प्रवाह २०० भागिले साडेसव्वीस, म्हणजे सुमारे साडेसात अँपिअर होईल. आणि शक्ती? २०० गुणिले साडेसात, म्हणजे १५०० वॅट. दाब उतरला शंभरी तेरा, पण ऊब कमी झाली शंभरी पंचवीसच्या घरात! याचे कारण असे की दाब कमी झाल्याने प्रवाहही कमी होतो, आणि शक्तीच्या गुणाकारात हे दोन्ही आकडे असतात. त्यामुळे घट दोन वेळा लागते.

आता वायरमन खरा की यजमान, ते ठरवू. त्यासाठी कोणतीही तार सोडावयाची नाही की कशाला हात लावावयाचा नाही. घरचा विजेचा मीटरच आपले काम करील. हल्लीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा शेजारी छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातील बाकी सर्व दिवे, पंखे, फ्रिज बंद करून फक्त हीटर चालू ठेवावा आणि घड्याळ घेऊन ३२ वेळा लुकलुकण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. पहिली लुकलुक शून्य धरावी. बत्तीस लुकलुकींत युनिटाचा शंभरावा भाग खर्च होतो. त्यासाठी १८ सेकंद लागले तर शक्ती २००० वॅट; २४ सेकंद लागले तर १५०० वॅट. नियम असा की ३६,००० ला सेकंदांनी भागावे, वॅट मिळतात. छापलेला आकडा निराळा असेल तर त्याचा शंभरावा भाग घ्यावा.

हे मोजमाप दुपारी एकदा आणि रात्री आठला एकदा करावे. दुपारी १८ आणि रात्री २४ सेकंद लागले तर यजमान बरोबर. दाबच उतरतो आहे. दोन्ही वेळा २४ लागले तर वायरमनच्या म्हणण्यात तथ्य असू शकते, कारण झिजून बारीक झालेल्या तारेचा रोध वाढतो आणि शक्ती घटते. घरी टीव्ही किंवा फ्रिजसाठी स्टॅबिलायझर असून त्यावर येणारा दाब दिसत असेल तर निकाल अधिकच पक्का होतो. दाबाला दाबानेच गुणून शक्तीने भागले की रोध मिळतो. २०० गुणिले २०० भागिले १५०० म्हणजे २६.७, साडेसव्वीसच्या जवळच. मग तार निर्दोष, नवी घालण्याचा खर्च वाचला.

या पहिल्या नियमाला ज्याचे नाव आहे, त्या गेओर्ग सायमन ओहमलाही हीच अडचण आली होती, हे वाचून बाईंना बरे वाटेल. एर्लांगेन गावच्या एका कुलूप करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, जन्म १७८९ चा. बापाने स्वतः शिकून मुलाला गणित शिकविले. पुढे ओहम जर्मनीतील कोलोन शहरी शाळेत शिक्षक झाला आणि फावल्या वेळात निरनिराळ्या तारांतून वीज वाहवून मोजमापे घेऊ लागला. पण त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. दाबच स्थिर नसेल तर दोष तारेचा की दाबाचा, हे कसे कळावे? तेव्हा त्याने विद्युत्घट सोडून दिले. बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की अगदी थोडा, पण अढळ दाब मिळतो; त्या दाबावर त्याने आपला नियम सिद्ध केला. १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या देशात त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा कोठे त्याची योग्यता लोकांना पटली.

पत्राचे उत्तर खरे म्हणजे येथे संपले. पण पत्राच्या शेवटी बाईंनी सहज एक ओळ लिहिली आहे आणि ती वाचल्यापासून मला चैन नाही. त्या लिहितात, "तोवर सोय म्हणून तसलाच दुसरा हीटर आणून त्याच एक्स्टेंशन बोर्डावर लावला आहे. फ्यूज उडालेला नाही, तेव्हा काळजीचे कारण नसावे."

हेच वाक्य मी आमच्या आत्याबाईंच्या तोंडून ऐकले होते.

गोष्ट २०१८ च्या संक्रांतीनंतरची. आत्याबाईंच्या वाड्यात माजघरात हळदीकुंकू होते. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नसे, म्हणून तख्तपोसावर बसून त्या तिळगूळ वाटत होत्या आणि शेजारी भाच्याने पाठविलेला २००० वॅटचा हीटर चालू होता. हीटरची जाड पिन वाड्यातल्या जुन्या बारीक भोकांत बसत नव्हती, म्हणून बाजारातून एक जोडपिन आणून तो एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता, आणि तो बोर्ड कपाटामागे होता. दुपारी मी दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचीत बसलो असता जळकट वास येऊ लागला. बायका म्हणाल्या, गुळाचा पाक लागला असेल. दोघी-तिघी स्वयंपाकघरात धावल्या, तेथे काही नव्हते. मला तो वास गुळाचा वाटला नाही. मी आत जाऊन विचारले, तर आत्याबाई म्हणाल्या, "अरे, फ्यूज तर उडाला नाही ना? मग कसली चिंता!" एवढ्यात शेजारची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "कपाटामागून धूर येतोय." मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. कपाट ओढले तेव्हा बोर्डाचे एक भोक वितळून काळे पडले होते आणि मागच्या पडद्याच्या कडेला वीतभर करपा लागला होता. वाड्याला तुळया, कडीपाट, जिना, सगळे सागवानी. आणखी दहा मिनिटे गेली असती तर काय झाले असते, ते लिहिण्याची आवश्यकता नाही.

त्या भोकात काय घडले, ते आता आकड्यांत पाहू. आपल्या दोन नियमांतून एक तिसरा निघतो. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. हे दुसऱ्या नियमात घातले की,

शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध

असे होते. वाहत्या विजेची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्लंडच्या जेम्स जूलने १८४१ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. बोर्डाच्या भोकातील पितळी पाती वापराने सैल झालेल्या असतात. पिनेला त्या घट्ट न धरता कोठेतरी एका टोकावर टेकतात आणि तेवढ्या जागी रोध उत्पन्न होतो. समजा तो केवळ अर्धा ओहम आहे. हीटरच्या साडेसव्वीस ओहममध्ये हा अर्धा मिळविला की सत्तावीस. २३० भागिले सत्तावीस म्हणजे साडेआठ अँपिअर. आता साडेआठ गुणिले साडेआठ गुणिले अर्धा, म्हणजे ३६ वॅट. आकडा लहान दिसतो. परंतु रेडिओ दुरुस्त करणारा डाख लावण्यासाठी जी विजेची सळई वापरतो, ती पुष्कळदा २५ वॅटचीच असते, आणि तिच्या टोकाशी धातू वितळतो. तिच्याहून अधिक उष्णता आत्याबाईंच्या कपाटामागे, तिळाएवढ्या जागेत, तासन् तास निर्माण होत होती. पाती तापली की तिचा ताण जातो, ती अधिक सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि ती आणखी तापते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

आणि फ्यूज का उडाला नाही? वाचकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. फ्यूजला फक्त प्रवाह कळतो, उष्णता कोठे साठते आहे ते कळत नाही. सैल जोडामुळे प्रवाह वाढला नव्हता, उलट ८.७ वरून ८.५ वर आला होता. फ्यूजच्या दृष्टीने सर्व काही पूर्वीपेक्षाही ठीक होते! हीटरची ऊबही शंभरी तीन-चारच उणी झाली असेल; ती कोणाच्या लक्षात येणार? मीटरचा लाल दिवाही ते सांगू शकला नसता. म्हणून, फ्यूज उडाला नाही याचा अर्थ सर्व क्षेम आहे असा घेऊ नये.

परंतु आत्याबाईंच्या घरी याहून मोठा दोष होता आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दुसऱ्या दिवशी वायरमनने चिनीमातीचा जुना फ्यूज उपसून माझ्या हातावर ठेवला. त्यात फ्यूजची बारीक तार नव्हतीच. तांब्याच्या पाच-सहा तारा पिळून जाड वेढा घातलेला होता. "हे कोणी केलं हो?" असे त्याने विचारले. मी गप्प राहिलो, कारण तो वेढा माझ्या हातचा होता.

१९८८ साली आत्याबाईंच्या धाकट्या कन्येचा विवाह त्याच वाड्यात झाला. सीमांतपूजनाच्या रात्री रोषणाईच्या माळा आणि चहाची विजेची किटली एकदम लागली आणि फ्यूज तीनदा उडाला. व्याही मंडळी अंधारात बसलेली. मी नुकताच शाळेत विज्ञान शिकवू लागलो होतो. घरात विजेचे जाणणारा तो मीच. मी तांब्याच्या तारा पिळून घातल्या, दिवे लागले, आणि सर्वांनी माझे कौतुक केले. लग्न झाले की काढू असे मनाशी म्हटले होते. तीस वर्षे वर्गात मुलांना ओहमचा नियम फळ्यावर लिहून देत राहिलो आणि तीस वर्षे तो वेढा तेथेच राहिला.

तो नसता तर काय झाले असते? त्या जुन्या तारा ५ अँपिअरच्या. ८.७ अँपिअर म्हणजे पावणेदोनपट प्रवाह, आणि वर्गाच्या हिशेबाने तिप्पट उष्णता. योग्य फ्यूज असता तर हीटरबरोबर हजार वॅटची इस्त्री लागताच, तेरा अँपिअरांना, तो नक्की वितळला असता. घरच्यांनी विचारले असते की हे वारंवार का होते, आणि कोणीतरी हीटरसाठी वेगळी जाड तार ओढून दिली असती. सैल जोडाचा धोका फ्यूजने ओळखला नसता हे खरे. पण तो हीटर त्या बोर्डावर टिकलाच नसता. घराला वेळेवर शहाणे करणारा एक पहारेकरी होता, त्याला मी बांधून ठेवले. आत्याबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ थांबून एवढेच म्हणाल्या, "तुला तर गणित येत होतं ना रे?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. नियम येणे आणि तो आपल्या घराच्या भिंतीपर्यंत नेणे, या दोन गोष्टी एक नाहीत, एवढेच त्या दिवशी समजले.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझे कळकळीचे सांगणे आहे की त्यांनी दुसरा हीटर आजच काढावा. हिशेब सरळ आहे. संध्याकाळी दाब २०० असताना दोन हीटर पंधरा अँपिअर ओढतात. मध्यरात्री लोकांचे दिवे मालवले की दाब पुन्हा २३० वर येतो, आणि हाच प्रवाह सतरा अँपिअरच्या पुढे जातो. म्हणजे सर्व जण झोपेत असताना धोका सर्वांत अधिक! बोर्डाची तार सहा अँपिअरची असेल तर प्रवाह जवळजवळ तिप्पट आणि तिच्यातील उष्णता आठपटीहून अधिक. सासूबाईंना ऊब हवी यात शंका नाही. पण ती एका हीटरने, खिडकीच्या फटी बुजवून आणि पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवून द्यावी.

इतर वाचकांनीही या महिन्यात एका रविवारी घरातील उपकरणांवरील वॅटचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाला २३० ने भागावे. ९ वॅटचा एलईडी दिवा काही शतांश अँपिअर ओढतो, त्याची चिंता नको. इस्त्री सव्वाचार, पाण्यात सोडण्याची १५०० वॅटची सळई साडेसहा, गीझर पावणेनऊ. ज्याचा आकडा सहाच्या वर, त्याला भिंतीतील १६ अँपिअरचा जाड भोकांचा सॉकेट आणि त्यामागे निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार हवी. एक्स्टेंशन बोर्ड आणि जोडपिन त्याच्या वाट्याला जाऊ नयेत. हीटर अर्धा तास चालल्यावर बटण बंद करून पिन काढावी आणि तिला बोट लावून पाहावे. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर सॉकेट बदलावा. भोकाभोवती पिवळट किंवा काळसर डाग दिसला तर वास येण्याची वाट पाहू नये.

आणखी एक हिशेब. ओल्या हातांच्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले हजार म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी. पाच अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, पण माणसाचा जीव जाण्यास तो प्रवाह पुरेसा होतो. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी नावाचे उपकरण मिळते. ज्या घरात लहान मुले आणि वृद्ध आहेत, तेथे ते अवश्य असावे.

आत्याबाई आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या वाड्यात नव्या तारा, नवे सॉकेट आणि आरसीसीबी बसले आहे. तो तांब्याचा वेढा मात्र मी टाकून दिलेला नाही. लिहिण्याच्या टेबलावर पेपरवेटपाशी ठेवला आहे. त्या भगिनीने मीटरपुढे उभे राहून मोजलेले सेकंद आणि दुसरा हीटर काढल्याचे वर्तमान, दोन्ही अवश्य कळवावे. मी वाट पाहत आहे.